फावल्या वेळची विद्या : पेटीचा कोपरा

एका भगिनीनें या सदराकडे पत्र पाठवून मोठा मुद्द्याचा प्रश्न विचारला आहे. घरांत धाकट्या नणंदेच्या लग्नासाठीं सागवानी पेटी करावयाची आहे. सासऱ्यांनीं दोन सुतारांस बोलाविलें. एक म्हणतो, कोपऱ्यास तीन शेपट्या पुरेत. दुसरा म्हणतो, सात असल्याशिवाय पेटी टिकणार नाहीं, आणि मजुरी त्या मानानें पडेल. थोरल्या दिरांचें मत आणखी निराळें : हा खटाटोप हवा कशाला, खिळे मारावे आणि वरून पितळी कोपरे ठोकावे, लग्नाच्या गर्दींत पेटीचा कोपरा कोण पाहतो! घरांत यावरून दोन तट पडले असून निवाडा मीं द्यावा असें त्या लिहितात. निवाडा देण्यास मी कोण? परंतु हें प्रकरण बरेंचसें गणिताचें आहे, आणि गणित कोणाच्या बाजूचें नसतें.

प्रथम सांधा काय आहे तें पाहूं. इंग्रजींत यास डव्हटेल, म्हणजे पारव्याची शेपटी, असें नांव आहे. एका फळीच्या टोकाशीं मुळाशीं अरुंद व शेवटाकडे रुंद अशा शेपट्या कापावयाच्या. दुसऱ्या फळीच्या टोकाशीं त्या शेपट्यांमधील मोकळ्या जागेंत नेमके बसतील असे दांते काढावयाचे. दोन्ही फळ्या एकाच दिशेनें एकमेकींत उतरतात व त्याच दिशेनें निघतात. इतर दिशांनीं ओढल्यास शेपटी रुंद असल्यामुळें अडते. खिळा नाहीं, पट्टी नाहीं, केवळ आकृतीचा आधार. इजिप्तमधील प्राचीन थडग्यांत सांपडलेल्या लांकडी सामानांतही ही युक्ति दिसते. ती दगडासही लागू पडते. इंग्लंडच्या दक्षिणेस समुद्रांतील एडिस्टोनच्या खडकावर जॉन स्मीटन यानें १७५६ ते १७५९ या काळांत दीपगृह बांधलें, त्यांतील शिळा याच आकाराच्या खांचांनीं एकमेकींत व खडकांत अडकविल्या होत्या. आमच्या माळशिरस तालुक्यांत वेळापूरास अर्धनारीनटेश्वराचें यादवकाळचें देऊळ आहे. ज्या बांधणीस आपण हेमाडपंती म्हणतों तिच्यांतही चुन्यावर भिस्त न ठेवतां दगडांत दगड बसविण्यावरच सारा भर असे.

संस्कृत वाचणाऱ्यांस येथें एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. मयमत आणि मानसार या शिल्पग्रंथांत संधिकर्मावर स्वतंत्र अध्याय आहेत. आपण संधि म्हटला कीं गुण, वृद्धि, विसर्ग इतकेंच आठवतें. परंतु लांकडाचेही संधि आहेत, आणि त्यांचीं नांवें मेषयुद्ध, झषदंत, सूकरघ्राण अशीं डोळ्यांपुढें चित्र उभें करणारीं आहेत. टकरा देणारे एडके, माशाचा दांत, डुकराचें नाक! ते संधि मुख्यतः खांब आणि तुळया यांचे होत, पेट्यांचे नव्हत, हें खरें. तथापि ज्या विद्येला आपल्या पूर्वजांनीं अध्यायच्या अध्याय दिले ती विद्या सुताराच्या ओट्यावर बसून शिकण्यांत आपल्या घरांतील मुलांस कमीपणा वाटावा, हें मला तरी विपरीत वाटतें. असो.

आतां मापें. पहिला प्रश्न, शेपटीचा ढाळ किती? जाणत्यांचा नियम असा कीं मऊ लांकडास सहास एक आणि कठीण लांकडास आठास एक. म्हणजे शेपटीच्या लांबीनें सहा सूत पुढें गेल्यावर बाजूस एक सूत सरकावयाचें, किंवा आठ सूत गेल्यावर एक. कोनमापकावर हे सुमारें साडेनऊ व सात अंश भरतात. देवदार, पाईन यांसारख्या लांकडास पहिला, सागास व बाभळीस दुसरा. आंब्यास मधला, सातास एक, चालेल. मऊ लांकूड दाबलें असतां चेपतें, म्हणून त्यास अडण्यासाठीं अधिक ढाळ लागतो. मग ढाळ आणखी वाढवून सांधा अधिक बळकट कां करूं नये, असें मुलें विचारतील, आणि विचारावेंच. ढाळ फार वाढविला तर शेपटीच्या दोन्ही टोकांशीं लांकडाचे तंतु आंखूड राहतात आणि हातोडीच्या पहिल्याच ठोक्यास तो कोपरा कपचीसारखा उडून जातो. उलट ढाळ फार कमी केला तर शेपटी सरळ बोटासारखी होते व सारा भार सरसावर पडतो. ढाळ काढावयास यंत्र नको. रंधलेल्या सरळ कडेच्या फळीवर गुण्यानें कडेशीं काटकोनांत रेघ ओढावी, तीवर आठ सूत मोजावें, तेथून एक सूत बाजूस खूण करावी व ती मूळ बिंदूस जोडावी. झाला ढाळ.

दुसरा प्रश्न, किती शेपट्या व केवढ्या? पत्रांतील पेटीच्या फळ्या नऊ इंच रुंद व पाऊण इंच जाड आहेत. इंचाचे आठ सूत, म्हणजे रुंदी ७२ सूत व जाडी ६ सूत. (एक सूत तीन मिलिमीटरांहून किंचित् अधिक.) शेपटीची लांबी समोरच्या फळीच्या जाडीइतकी, म्हणजे ६ सूत, आठास एक या ढाळानें प्रत्येक बाजूस पाऊण सूत सरकेल. दांत्याचें माप पटाशीवरून ठरतें. दोन शेपट्यांमधील खांचेचें तोंड अरुंद असतें, आणि त्यांतून पटाशी आंत गेली पाहिजे. सुताराजवळ पाव इंची, म्हणजे दोन सुती पटाशी असली तर तोंड अडीच सूत ठेवावें. तोच दांता रुंद बाजूस अडीच अधिक दोन्हीकडचे पाऊण पाऊण, असा चार सूत होईल. फळीच्या दोन्ही कडांस शेपटी कधीं ठेवूं नये, अर्धा दांता ठेवावा. तो नांवानें अर्धा असला तरी मापानें अगदीं निम्मा करूं नये, कारण कडेच्या दांत्यास एकाच बाजूचा आधार असतो व तोच आधीं फुटतो. येथें त्यास मुळाशीं तीन सूत दिले आहेत.

आतां पांच शेपट्या धरूं. मधले दांते चार, त्यांचे सोळा सूत, कडेचे दोन, त्यांचे सहा, एकूण बावीस. बहात्तरांतून बावीस गेले, उरले पन्नास. म्हणजे प्रत्येक शेपटी मुळाशीं दहा सूत व टोकाशीं साडेअकरा. मुलांनीं टोकाकडून ताळा पाहावा : साडेअकराचे पांच साडेसत्तावन, अडीचाचे चार दहा, कडेचे सव्वादोन सव्वादोन मिळून साडेचार, बेरीज बरोबर बहात्तर. शेपटी दांत्याच्या अडीचपट पडते, आणि हाताच्या कामास दुपटीपासून तिपटीपर्यंतचें प्रमाण डोळ्यास व बळास दोहोंस मानवतें. यंत्रानें कापलेल्या सांध्यांत शेपट्या व दांते सारख्याच रुंदीचे असतात. ते दुबळे नव्हत; पण हाताचें काम कोणतें व यंत्राचें कोणतें हें ओळखण्याची ती एक खूण आहे.

तीनच शेपट्या केल्या तर प्रत्येक एकोणीस सुतांहून मोठी, दांत्याच्या जवळ जवळ पांचपट होईल. मधें एवढें मोकळें अंतर राहिल्यावर फळी बाक घेऊं लागली म्हणजे तिला धरून ठेवणारें जवळ कांहीं उरत नाहीं. सात केल्या तर प्रत्येक सहा सुतांची, दांत्याच्या दीडपट. यांत पेटी कमकुवत होईल असें नव्हे. उलट सरसाला धरावयास जागा अधिक मिळेल. परंतु करवतीचे काप मोजा. प्रत्येक शेपटीस दोन काप, तितकेच दांत्यांस. तीन शेपट्यांच्या चार कोपऱ्यांस ४८, पांचांच्या ८० आणि सातांच्या ११२. दुसरा सुतार अधिक मजुरी मागतो ती लबाडी नव्हे. पण नऊ इंचांच्या फळीस पांच शेपट्यांनीं काम भागतें असें माझें मत आहे, आणि वांचलेली मजुरी जाड बिजागरीस लावावी. फळी याहून बरीच रुंद असती तर कडेजवळच्या शेपट्या थोड्या लहान व जवळ जवळ घ्या, असें सांगितलें असतें. कारण कोपरा उघडूं लागतो तो बहुधा वरून किंवा खालून.

रुंदी अशी सोयीची नसेल तर काय करावें? दोन कडेच्या दांत्यांमधील अंतरांत एक दांता मिळवावा व शेपट्यांच्या संख्येनें भागावें. येथें ६६ अधिक ४ म्हणजे ७०, भागिले ५, बरोबर १४, हेंच एका शेपटीचें व एका दांत्याचें मिळून अंतर. भागाकारांत अपूर्णांक आला तर तेवढ्या रुंदीची कागदाची पट्टी घेऊन तीवर फूटपट्टी तिरपी धरावी, शून्य एका कडेस व पांचाच्या पटींतील एखादा आंकडा दुसऱ्या कडेस येईल अशी, आणि समान अंतरानें खुणा कराव्या. समरूप त्रिकोणांचा सिद्धांत शाळेंत घोकला तो येथें उपयोगी पडतो. दांत्यांचें माप मात्र पुन्हा मोजूं नये. शेपट्या कापून झाल्यावर तीच फळी दुसरीच्या टोकावर उभी धरून चाकूच्या टोंकानें खुणा उतरवाव्या, व रेघेच्या टाकावयाच्या बाजूनें करवत चालवावी. दोनदां मोजलेलें माप क्वचितच जुळतें, उतरविलेलें जुळतें.

शेपट्या कोणत्या फळीस काढाव्या हें पुष्कळांस सुचत नाहीं. पेटीच्या कड्या आंखूड बाजूंस असतात. पेटी उचलली कीं त्या बाजू बाहेर ओढल्या जातात. म्हणून शेपट्या लांब फळ्यांस व दांते आंखूड फळ्यांस. टेबलाच्या खणाचेंही तसेंच. खण पुढून ओढतात, तेव्हां शेपट्या बाजूच्या फळ्यांस हव्या. त्या उलट काढल्या तर पुढची फळी एके दिवशीं मुठीसकट हातांत येते. खणांत सांधा समोरून दिसूं नये म्हणून शेपट्या पुढच्या फळीच्या जाडींत सुमारें दोन तृतीयांशच शिरवितात.

खिळ्यांविषयीं थोरल्या दिरांस एवढेंच सांगावें कीं फळीच्या टोकाशीं, म्हणजे जेथें तंतु कापले गेले आहेत तेथें, खिळा नीट धरत नाहीं. सरसही तेथें शोषला जातो व पकड येत नाहीं. शेपटीच्या बाजूंस मात्र तंतु तंतूंस भिडतात, म्हणून तेथें सरस टिकतो. शिवाय आमचा मुलूख पर्जन्यछायेचा. वैशाखांत लांकूड कोरडें ठणठणीत होतें आणि भाद्रपद-आश्विनांतील पावसांत तेंच फुगून खण अडकतात. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत रुंदींत, फळी कशी कापली आहे त्याप्रमाणें, शेंकडा सुमारें दोन ते सहा आटतो. लांबींत मात्र जवळ जवळ नाहींच. डव्हटेलांत दोन्ही फळ्यांची रुंदी एकाच दिशेस असल्यामुळें त्या बरोबर फुगतात व बरोबर आटतात, आणि कोपऱ्यास ताण पडत नाहीं. पितळी कोपरे शोभेस हवे तर खुशाल लावा, सांध्याच्या ऐवजीं नको.

तळाची फळी लांकडाची असली तर ती सरसानें किंवा खिळ्यांनीं जखडूं नये. चारी बाजूंस खांच काढून तींत सैल बसवावी, नाहीं तर फुगलेला तळच चांगले सांधे फोडतो. ही खांच शेपटीच्या मधून जाईल अशी आंखावी. शेपट्यांच्या फळीवर मात्र ती टोकापर्यंत नेऊं नये, नाहीं तर बाहेरून चौकोनी भोंक दिसतें.

काम घेण्यापूर्वीं सरस न लावतां एक कोपरा जुळवून दाखवावयास सांगावें. तो हलक्या ठोक्यांनीं उतरला पाहिजे. हातानें सहज उतरला तर सैल, घण लागला तर फळी चिरेल. फटींत भुसा व सरस कालवून भरला आहे काय तें उजेडांत पाहावें, कारण भुशाचा रंग पॉलिशनंतर काळपट उठतो. शेपट्यांच्या मुळाशीं बारीक आडवी रेघ दिसली तर तो दोष समजूं नये. ती आंखणीची खूण होय, व पुष्कळ चांगले कारागीर ती मुद्दाम तशीच ठेवितात. आणि पहिल्या सुतारास कामावरून काढण्याचें कारण नाहीं. त्यास हा हिशेब दाखवावा. तो पांचांस राजी झाला तर तीनांच्या नव्हे, पांचांच्या कापांची मजुरी त्यास द्यावी.