त्रैक्याचा हिशेब



काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोरे या चित्पावन पंडिताने विशीच्या उंबरठ्यावर, १८४४-४५ च्या सुमारास, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचून ख्रिस्ती मतावर आक्षेप घेतले. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ लिहून हिंदू शास्त्रांची उलटतपासणी केली होती. तिला दिलेले हे उत्तर. पुढे १८४८ मध्ये त्याच गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८६० मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून आपल्या पूर्वीच्या दर्शनांतील विसंगती दाखविल्या. जमा आणि नावे या दोन्ही बाजूंच्या नोंदी एकाच हाताने केलेली अशी वही क्वचितच पाहावयास मिळते. शंकांनी मात्र या सद्गृहस्थाची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही.

गोऱ्यांचे स्मरण होण्यास एक टोमणा कारण झाला. ‘एक अधिक एक अधिक एक बरोबर एक’, असा ख्रिस्ती लोकांचा हिशेब, असे म्हणून आपल्याकडे दुकानाच्या गादीवर हसले जाते. ज्या घरची मुले मिशनच्या शाळेत शिकतात, त्या घरीही हसले जाते. मूल मग विचारते की हे खरोखर चुकीचे आहे काय, आणि घरात उत्तर कोणापाशी नसते. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्यांनी निदान दुसऱ्याचे म्हणणे काय आहे हे तरी नीट पाहिले पाहिजे.

ख्रिस्ती धर्मसभांनी निकेया येथे ३२५ मध्ये आणि कॉन्स्टँटिनोपल येथे ३८१ मध्ये जे ठरविले, त्याचा आशय असा की ईश्वराचे सत्त्व एक आहे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या व्यक्ती तीन आहेत. एकाच गोष्टीविषयी, एकाच अपेक्षेने ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हटले तरच व्याघात होतो, हे सप्तभंगी शिकलेल्यास सांगावे लागू नये. येथे एकत्वाची अपेक्षा निराळी आणि त्रित्वाची निराळी आहे. तेव्हा टोमणा तेथेच गळून पडतो.

शंका मात्र गळून पडत नाही. आपल्या परिचयाची उदाहरणे घेऊन पाहू. तीन भागीदारांची एक पेढी म्हणावी, तर प्रत्येक भागीदार म्हणजे संपूर्ण पेढी नव्हे. शिवाय माणसे तीन, म्हणजे देवही तीन झाले. एकच गृहस्थ अविभक्त कुटुंबाचा कर्ता, मंदिराचा विश्वस्त आणि स्वतःच्या दुकानाचा मालक म्हणून तीन शिक्क्यांनिशी सह्या करतो असे म्हणावे, तर तिसऱ्या शतकात साबेलियस याच्या नावाशी जोडलेले मत नेमके तेच होते, आणि चर्चने ते पाखंड ठरविले. कारण शुभवर्तमानात पुत्र पित्याची प्रार्थना करतो आणि कोणी आपल्याच दुसऱ्या शिक्क्याची प्रार्थना करीत नाही. आपल्या आगमांतील दाखला त्यातल्या त्यात जवळचा आहे. ज्ञान आणि दर्शन हे आत्म्याचे गुण. प्रत्येक गुण संपूर्ण द्रव्य व्यापून असतो, द्रव्याहून वेगळा काढता येत नाही, तरी ज्ञान म्हणजे दर्शन नव्हे. पण ज्ञान दर्शनाशी बोलत नाही, त्याच्यावर प्रेम करीत नाही, पिता-पुत्र करतात. दाखला येथे तुटतो.

ख्रिस्ती आचार्य यास रहस्य म्हणतात. बँकेत ज्या नोंदीचा मेळ लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. असे खाते असणे हा गुन्हा नव्हे, पण त्यातील रक्कम वर्षानुवर्षे पुढे ओढणे कोणत्याही तपासनिसास रुचत नाही. त्रैक्यात व्याघात सिद्ध होत नाही आणि अर्थही पुरता स्पष्ट होत नाही, एवढेच माझे मत आहे.

मला अधिक अडचण वाटते ती क्रुसावरील प्रायश्चित्ताच्या सिद्धान्तात. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मगुरूने त्याची मांडणी ऋणाच्या भाषेत केली : मनुष्याने ईश्वराचे देणे थकविले, ते फेडण्याची त्याची ऐपत नाही, म्हणून देव आणि मनुष्य अशा दोहोंच्या रूपाने येशू ख्रिस्ताने ते फेडले. जामीनदाराने थकबाकी भरली की खाते बंद होते, हे आपण सारेच जाणतो. परंतु कर्जदाराने खोटे दस्तऐवज केले असतील, तर जामीनदार पैसे भरू शकतो, कर्जदाराच्या ऐवजी तुरुंगात जाऊ शकत नाही. देणे हस्तांतरित होते, कृत्य होत नाही. आणि धनकोनेच ऋणकोच्या वतीने स्वतःला रक्कम दिली, तर ती वसुली म्हणावयाची की माफी? माफीच असेल, तर वसुलीचा एवढा वेदनामय व्यवहार कशासाठी? बाराव्या शतकात पीटर अबेलार्ड याने क्रुसाचे सामर्थ्य त्यातून प्रकट होणाऱ्या आणि मनुष्याचे हृदय पालटविणाऱ्या प्रेमात पाहिले. ते समजण्यास सोपे आहे, पण मग ‘फेडले’ हा शब्द पातळ होतो.

सृष्टिकर्त्याविषयीचा प्रश्न तर आपल्या मातीत फार जुना आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे आपले लातूर असे अभ्यासक मानतात; नांदेड जिल्ह्यातील कंधारही त्यांचेच. त्याच घराण्यातील अमोघवर्षाला वंदनीय असलेल्या आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात ‘आदिपुराणा’त विचारले आहे की निर्माता कृतकृत्य असेल तर त्यास निर्मितीची इच्छा का व्हावी, आणि नसेल तर तो कुंभाराहून अधिक समर्थ कसा? ख्रिस्ती उत्तर असे की निर्मिती उणिवेतून होत नाही, चांगुलपणाच्या ओसंडण्यातून होते. उत्तर सुंदर आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जे झाले, ते पाहिलेल्या लातूरकराला त्या ओसंडण्याविषयी लगेच पुढचा प्रश्न सुचतो. पाळण्यातील मुले कोणत्या कारणाने गेली? ईश्वर दयाळू आणि सर्वशक्तिमान दोन्ही असेल, तर ते मातीचे आणि दगडाचे छप्पर कोसळले कसे?

आपले उत्तर तर्कास अधिक सरळ जुळते : प्रत्येकाचे आपापले कर्म, आणि अनेकांचा एकत्र असा सामुदायिक कर्मोदय. पण हे उत्तर ढिगाऱ्यापाशी बसलेल्या आईला सांगण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील काय? मी तरी करणार नाही. सुसंगत असणे आणि दुःखितास सांगता येणे या निरनिराळ्या कसोट्या आहेत. दुसऱ्या कसोटीवर, वधस्तंभावर देवच दुःख सोसतो असे म्हणणारा धर्म आपल्यापेक्षा हलका ठरतो असे मला वाटत नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच त्रैक्याविषयी शंका काढल्या. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. शंका काढणाऱ्या बाईंवर त्या पत्रांत अहंकाराचा ठपका येतो. बाई मात्र आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करावयास तयार होत नाहीत. पुढे काही वर्षांनी त्यांची श्रद्धा स्थिर झाली ती युक्तिवादाने नव्हे, स्वतःच्या आंतरिक अनुभवाने. स्वाध्याय मंडळात एखाद्या तरुणाने अडचणीचा प्रश्न विचारला की आपल्याकडेही ‘श्रद्धा कमी आहे’ हाच शेरा मिळतो.

आणि असे प्रश्न आपल्या वहीतही आहेत. केवलज्ञानी भविष्यातील प्रत्येक पर्याय जाणतात, तर आपल्या पुरुषार्थाला अर्थ काय उरतो? ईश्वराचे भविष्यज्ञान आणि मनुष्याचे स्वातंत्र्य यांविषयी ख्रिस्ती आचार्य ज्या कोड्यात सापडले, ते हेच कोडे होय. क्रमबद्धपर्यायाच्या वादात आपल्या समाजात घरेच्या घरे विभागली गेली आहेत. अनंतकाळच्या ख्रिस्ती नरकास आपण अन्याय म्हणतो. आपल्या सातव्या नरकाचे उत्कृष्ट आयुष्य तेहतीस सागरोपम, म्हणजे कितीही दीर्घ असले तरी संपणारे, ही जमेची बाजू. पण ज्याला मोक्ष कधीच मिळावयाचा नाही, त्या अभव्य जीवाने असा कोणता अपराध केला की त्याच्या ठायी ती योग्यताच नसावी? ‘तो स्वभाव आहे’ हे उत्तर मला पाठ आहे. ‘ते रहस्य आहे’ याहून ते कितपत वेगळे, याचा विचार पुढील अंकी करू.