परमिट रूममधलं परमिट कुणाचं?

शुक्रवारची संध्याकाळ, अप्रेझल नुकतंच उरकलेलं आणि टेबलावर तिसरा राउंड. ह्या मुहूर्तावर प्रत्येक ग्रुपमधला एक जण हमखास डिक्लेअर करतो, "सोडतो यार नोकरी, गावाकडे मस्त बार टाकतो!" बाकीचे लगेच बारचं नाव सुचवायला लागतात. लायसन्सचं नाव कुणीच काढत नाही.

माझ्या एका दोस्तानं मात्र हेच वाक्य परवा सकाळी साडेनऊला, कॅन्टीनच्या चहावर टाकलं. म्हणजे मॅटर सिरियस! गडी माझ्यासारखाच परभणीचा ('जगात जर्मनी, भारतात परभणी' हे तुम्हाला पाठ असेलच). आठ वर्षांची बचत, वडिलांच्या पीएफमधले काही पैसे आणि मेन रोडवर हेरलेला एक गाळा. डिपॉझिट पंधरा दिवसांत द्यायचं. मी सरळ परभणीच्या मामाला फोन लावला. मामानं एका परमिट रूमचा हिशेब वर्षानुवर्षं सांभाळलाय. त्याचा पहिलाच सवाल, "जागा बघायला गेला तेव्हा टेप नेला होता का रे?"

टेप कशाला? तर शाळा-कॉलेज, धार्मिक स्थळ आणि एसटी स्टँड यांपासून ७५ मीटर अंतर राखण्याचा नियम आहे म्हणून. आणि हे अंतर मोजायचं ते कावळा उडतो तसं नाही, माणूस चालत जातो त्या वाटेनं, दारापासून दारापर्यंत. गंमत पुढेच आहे. नियमातल्या व्याख्येत बालवाडी मोजली जाते, खासगी कोचिंग क्लास नाही! देऊळ, मशीद मोजली जाते ती सहसा नोंदणीकृत ट्रस्टची. आता मला सांगा, गंगाखेडसारख्या गोदाकाठच्या, संत जनाबाईंच्या गावात ७५ मीटरची मोकळी जागा शोधायची म्हणजे पार्किंग शोधण्यापेक्षा अवघड की नाही?

मुळात फंडा समजून घ्या. आपल्याकडे 'दारू विक्री कायदा' नावाचा प्रकारच नाही. आहे तो १९४९ चा दारूबंदी कायदा. १९५० साली तेव्हाच्या मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, आपण १९५६ ला मुंबई राज्यात आलो. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली, पण कायदा तोच राहिला. म्हणजे विकणं हा अपवाद आणि पिणं हाही अपवाद. 'परमिट रूम' ह्या पाटीवरचं परमिट मालकाचं नाहीच, ते तुमचं-आमचं! एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, आयुष्यभराचा हजारात. वय बिअर-वाइनला २१, हार्डला २५. खिशात परवाना असलेला एक तरी मित्र दाखवा, पुढचा राउंड माझा.

मालकाला लागतं ते एफएल-३. अर्ज राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे, तपासणी त्यांची, सही जिल्हाधिकाऱ्यांची. हे लायसन्स नुसत्या बाटल्यांना मिळत नाही, जेवणाचं हॉटेल आधी लागतं. म्हणजे अन्न परवाना, बांधकामाची परवानगी, मालकाची संमती, पोलिसांचा रिपोर्ट, ग्रामपंचायत हद्द असेल तर ग्रामसभेचा ठराव. पोरं कामाला ठेवली की त्यांचा नोकरनामा. गाणी वाजवायची तर त्याचे हक्क वेगळे. आणि रोज प्रत्येक ब्रँडचा हिशेब रजिस्टरमध्ये. (आपल्या टाइमशीटला नावं ठेवू नका!)

एवढं करूनही जमीन सरकू शकते. कल्याण-निर्मल हायवे पाथरी, मानवत, परभणी असा आपल्या जिल्ह्यातून जातो. १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टानं हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं आणि १ एप्रिल २०१७ ला रस्त्याकाठच्या बारना टाळी लागली. वीस हजारांपेक्षा कमी वस्तीला २२० मीटरची सवलत मिळाली, जुलैमध्ये शहरी हद्दीला सूट मिळाली. पण मधल्या महिन्यांचं भाडं आणि पगार कोर्ट देत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आडवी बाटली. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान होऊ शकतं. चिन्हं दोनच, उभी बाटली आणि आडवी बाटली. महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी निवडली की कुलूप. मला विचाराल तर ह्या सगळ्या कागदांमध्ये हाच कागद सगळ्यात सच्चा आहे. बारचा त्रास ज्यांच्या घरी पोचतो, त्यांना कुठल्याही फॉर्मवर दुसरी सही करायला मिळत नाही. दोस्तानं हे घरी सांगितलं तेव्हा त्याच्या आईनं भाजी निवडता निवडता विचारलं, "मग माझं मत तू कुठं धरलंस?"

हिशेबाचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२३ मध्ये बारमधला व्हॅट ५ वरून १० टक्क्यांवर गेला, २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढलं आणि १४ जुलैला राज्यभर बारवाल्यांनी बंद पाळला. लायसन्सची फी शहराच्या लोकसंख्येवर ठरते आणि ३१ मार्चला वर्ष संपतं, धंदा झालेला असो वा नसो.

दोस्त गेल्या रविवारी टेप घेऊन परभणीला जाऊन आला. गाळ्यापासून एका बालवाडीचं दार ५८ मीटरवर निघालं. डिपॉझिट वाचलं. आता तो दुसरी जागा बघतोय, तीही आधी फॅमिली रेस्टॉरंटसाठी. एफएल-३ चा अर्ज पहिल्या वर्षाचा हिशेब बघून, आणि आईशी बोलून.