'तलाव' म्हणताना

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या वर्तमानपत्रांतून 'सात तलावांतील पाणीसाठा' ही चौकट नेमाने येऊ लागते. मुलुंड-घाटकोपरकडचे आम्ही लोक ती क्रिकेटच्या धावफलकासारखी वाचतो. तुळशी भरला, विहार ओसंडला, की आम्हाला हायसे वाटते. माझी तक्रार आहे ती या चौकटीतल्या 'तलाव' या शब्दाविषयी.

विहार (1860) आणि तुळशी (1879) निदान बोरिवलीच्या जंगलाच्या कुशीत आहेत. तानसा (1892), मोडकसागर (1957), ऊर्ध्व वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा (2014) ही मात्र शहरापासून दूर, डोंगराळ मुलखात नद्या अडवून बांधलेली धरणे आहेत. 'धरण' म्हटले की 'कुणाचे काय बुडाले?' हा प्रश्न पाठोपाठ येतो. 'तलाव' म्हटले की तो येत नाही. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही त्या चौकटीत मावत नाही.

मुंबईला वीज देण्यासाठी टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतले, तेव्हा 1921 साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्या लढ्याने पां. म. बापटांना 'सेनापती' केले. मराठीने ती पदवी जपली. बुडालेल्या गावांची नावे मात्र आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

आता वाडा तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या परिसरात, गारगाई धरण प्रस्तावित आहे. त्यातून मुंबईला रोज 440 दशलक्ष लिटर पाणी मिळावे अशी योजना आहे. त्यासाठी आदिवासी गावे उठतील आणि लाखो झाडे जातील. शहराची तहान खोटी आहे असे मी म्हणत नाही. डोंगरउतारावरच्या वस्त्यांत हंड्यांच्या रांगा आजही लागतात, आणि माझ्या घरचा नळही त्याच पाण्यावर चालतो. म्हणूनच, गळती थांबवणे आणि सांडपाणी शुद्ध करून वापरणे हे उपाय आधी नेटाने व्हावेत. नवे धरण हा अखेरचा पर्याय असावा, असे मला वाटते.

आणि ते झालेच, तर आपण भाषेच्या शिक्षकांनी तरी त्याला 'आठवा तलाव' म्हणू नये. धरणाला धरण म्हणावे, आणि ज्या गावांवर ते उभे राहील त्यांची नावे वर्गात एकदा तरी मोठ्याने वाचावीत.