कंट्रोल-डब्ल्यू कुणाचं?

मंडळी, या शनिवारचा विषय कीबोर्डाचा आहे, आणि तोही टर्मिनलमध्ये चालणाऱ्या ब्राउझरचा. "आता हे कोण वापरतं?" म्हणून लगेच पळू नका. दिवसभर काळ्या खिडकीत बसणाऱ्यांच्या तर हे कामाचं आहेच. पण ज्यांचा सगळा संसार क्रोमच्या चाळीस टॅबमध्ये मांडलेला आहे, त्यांनीही कधी ना कधी अर्धा भरलेला फॉर्म गमावलेला असतो. आजचं म्हणणं त्याबद्दलच आहे.

लिंक्स नावाचा ब्राउझर १९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात जन्माला आला. त्याची देखभाल आजही चालू आहे. चालू असलेल्या ब्राउझरांमध्ये त्याच्याइतका जुना दुसरा नाही. (गंमत म्हणजे याच उच्चाराचा आणखी एक टर्मिनल ब्राउझर आहे, १९९९ चा. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, देवनागरीत दोघंही 'लिंक्स'. मी जुन्याबद्दल बोलतोय.) चित्रं नाहीत, जावास्क्रिप्ट नाही, माउसची गरज नाही. बँकेचं किंवा ऑफिसचं पोर्टल यात उघडायला जाऊ नका, निराशा होईल. पण दूरच्या सर्व्हरवर एसएसएच करून बसला आहात, लाइन स्लो आहे आणि एखादं डॉक्युमेंटेशनचं पान वाचायचंय, तर हा अजूनही कामाला येतो. अंध वापरकर्त्यांपैकी अनेकांना तो सोयीचा वाटत आलाय, कारण सगळं पान एका सरळ ओळीत वाचता येतं. त्यांच्यासाठी कर्सर लिंकवरच ठेवण्याची वेगळी सोयही त्यात आहे.

आता खरी गोष्ट. अशा ब्राउझरमध्ये प्रत्येक बटणाला दोन नोकऱ्या असतात. पानावर असताना 'क्यू' दाबलं की बाहेर पडायचं. टेक्स्ट बॉक्सवर असताना तेच 'क्यू' म्हणजे नुसतं एक अक्षर. डावा बाण पानावर असताना मागच्या पानावर नेतो, बॉक्समध्ये असताना कर्सर एक अक्षर मागे नेतो. एकच बटण, एकदा लिहिण्याचं आणि एकदा निघून जाण्याचं. लॅरी टेस्लर (ज्यांनी झेरॉक्स पार्कमध्ये कट-कॉपी-पेस्ट रूढ केलं, २०२० मध्ये वारले) आयुष्यभर या 'मोड' प्रकाराच्या विरोधात बोलत राहिले, ते उगीच नाही.

पण लिंक्स लिहिणाऱ्यांना हा धोका दिसला होता. तुम्ही बॉक्सच्या अगदी पहिल्या अक्षरावर आहात आणि डावा बाण आणखी एकदा दाबलात, तर काय व्हावं? लिंक्स बघतो की या बॉक्समधला मजकूर बदललाय का. बदलला असेल तर विचारतो, मागे जायचंय का नक्की? नसेल तर मुकाट्याने मागे जातो. संपलं. एवढीशी गोष्ट, पण यात लिहिणाऱ्या माणसाबद्दल जो आदर आहे ना, तो मला नंतरच्या चकचकीत ब्राउझरांमध्ये फार उशिरा दिसला.

किती उशिरा? क्रोममध्ये बॅकस्पेस दाबलं की मागच्या पानावर जायची सोय होती. बॉक्समधून फोकस नकळत निसटला की बॅकस्पेस अक्षर खोडण्याऐवजी अख्खं पान मागे ढकलायचं आणि भरलेला फॉर्म गायब. ही सोय गूगलने २०१६ साली ५२ व्या आवृत्तीत काढली. त्यावरही लोकांनी आरडाओरडा केला, मग ज्यांना ती हवीच आहे त्यांच्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन दिलं. फायरफॉक्सने विंडोजवर हेच करायला २०२१ उजाडवलं. म्हणजे नव्वदच्या दशकातल्या एका अक्षरी ब्राउझरला जे कळत होतं, ते समजायला बाकीच्यांना वीसेक वर्षं लागली. असो.

बॅकस्पेसचं तर मिटलं. कंट्रोल-डब्ल्यूचं अजून मिटलेलं नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे.

टर्मिनलमध्ये कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे मागचा शब्द खोड. बर्कलीच्या युनिक्समधून आलेली ही सवय आहे. बॅशमध्ये चालते, व्हिममध्ये लिहिताना चालते, डब्ल्यू-थ्री-एम नावाच्या जपानी टर्मिनल ब्राउझरमध्येही चालते. ज्याची दहा वर्षं टर्मिनलमध्ये गेली आहेत त्याचा हात हे विचारून करत नाही. शब्द चुकला की करंगळी कंट्रोलवर आणि डब्ल्यू. आणि विंडोज किंवा लिनक्सवरच्या क्रोम-फायरफॉक्समध्ये कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे टॅब बंद. साध्या टॅबमध्ये उघडलेल्या पानाला ते बटण अडवताही येत नाही, ब्राउझर स्वतःकडेच ठेवतो.

एरवी हे दोन देश वेगळे होते, त्यामुळे भांडण नव्हतं. पण हल्ली टर्मिनलच ब्राउझरच्या आत आलंय. क्लाउडवाल्यांचे कन्सोल बघा, किंवा मोठ्या क्लायंटांकडे असतं ते 'सुरक्षित' पोर्टल, ज्यात सर्व्हरची काळी खिडकी एका टॅबमध्ये मिळते. माझ्या टीममधली एक मुलगी रात्री पावणेदोन वाजता अशाच एका पोर्टलमध्ये इन्सिडेंटची नोंद टाइप करत होती. कुठली सर्व्हिस कधी पडली, कुठला लॉग बघितला, काय बदललं, सगळं क्रमाने. एक शब्द चुकला. कंट्रोल-डब्ल्यू. टॅब गेला. कंट्रोल-शिफ्ट-टी ने टॅब परत येतो हो, पण त्यातलं सेशन आणि न साठवलेला मजकूर येत नाही. तिने ते सगळं पुन्हा लिहिलं, अर्थातच आधीपेक्षा त्रोटक. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये "नोंदी नीट ठेवत जा" असा उपदेशही तिनेच ऐकला. तिचा हात बरोबर होता! तीन जणांनी एकाच बटणावर हक्क सांगितलाय, त्यात तिचं काय चुकलं?

आणि पोर्टल बनवणाऱ्यांना हे टाळता आलं नसतं असंही नाही. बटण अडवता येत नसलं, तरी "पान सोडायचंय का?" एवढा प्रश्न ब्राउझरकडून विचारून घेता येतो. त्यासाठी दोन-चार ओळींचा कोड लागतो. लिंक्स विचारतो तोच प्रश्न.

आता कुणी म्हणेल, मग एवढी मारामारी कशाला, वेगवेगळी बटणं वापरा ना. बटणंच नाहीत हो! टर्मिनलला जे पोचतं ते आस्कीचं कोष्टक. 'ए' चा आकडा ६५. कंट्रोल दाबलं की त्यातून ६४ वजा होतात आणि उरतो १. 'एच' चे उरतात ८, म्हणजे बॅकस्पेस. 'आय' चे ९, म्हणजे टॅब. 'एम' चे १३, म्हणजे एंटर. पारंपरिक टर्मिनलमध्ये कंट्रोल-आय आणि टॅब यांच्यात फरक करताच येत नाही. थोडक्यात काय, सव्वीस अक्षरांपैकी चार-पाच आधीच गेलेली. 'सी' प्रोग्राम थांबवायला, 'झेड' बाजूला टाकायला, 'एस' स्क्रीन गोठवायला. (टर्मिनल अचानक हँग झालं असं वाटलं तर आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. बऱ्याचदा कुणाच्या तरी हातून सवयीने 'सेव्ह'साठी कंट्रोल-एस गेलेलं असतं.) उरलेल्या पंधरा-वीस बटणांत सगळ्या जगाने भागवायचं.

मॅकवाले इथे नशीबवान. तिथे खिडक्या-टॅबचं राज्य कमांड या वेगळ्या बटणावर आहे, त्यामुळे कंट्रोल मोकळं राहिलं. कमांड-डब्ल्यू टॅब बंद करतं, कंट्रोल-डब्ल्यू टर्मिनलकडे जातं, भांडण नाही. शिवाय मॅकच्या बहुतेक टेक्स्ट बॉक्समध्ये कंट्रोल-ए ने ओळीच्या सुरुवातीला, कंट्रोल-ई ने शेवटी जाता येतं आणि कंट्रोल-के ने पुढचं सगळं उडवता येतं. ही ईमॅक्सची बटणं नेक्स्ट कंपनीच्या सिस्टिममधून तिथे आली. ईमॅक्स १९७६ चा, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा वयाने मोठा. मॅक असूनही ही तीन बटणं माहीत नसलेले कितीतरी लोक मला भेटतात. आज करून बघाच.

मी लिंक्सचं कौतुक करतोय म्हणून त्याचं सगळं गोड आहे असं नाही. त्याच्या मूळ मांडणीत कंट्रोल-ए, कंट्रोल-ई ठीक आहेत, कंट्रोल-यू पूर्ण ओळ पुसतं तेही ठीक. पण कंट्रोल-के? बॅशमध्ये ते कर्सरपासून पुढचं कापतं. लिंक्समध्ये ते अख्खी ओळ छोट्या लिपीत करतं! आणि कंट्रोल-टी कॅपिटलमध्ये. कंट्रोल-बी बॅशमध्ये एक अक्षर मागे नेतं, इथे मागचा शब्द खोडतं. हे कुणाला सुचलं देव जाणे. (मराठी लिहिणाऱ्याला लहान-मोठ्या लिपीची भानगडच नाही, तेवढं आपण वाचलो.) सुदैवाने 'ओ' दाबून ऑप्शन्समध्ये गेलं की ओळ संपादनाची पद्धत निवडता येते, त्यात बॅशसारखी बटणं हा पर्याय आहे. लिंक्स वापरणार असाल तर पहिलं काम ते करा. माझ्या मते पर्याय देणं चांगलंच, पण मूळ मांडणी ही बाकी जगासारखीच हवी. नवीन मांडणी कितीही हुशारीची असली तरी ती हाताला नवी असते. आणि हाताची सवय ही वापरणाऱ्याने वर्षानुवर्षं कमावलेली असते, प्रोग्रामची मालमत्ता नव्हे.

सगळ्यात प्रामाणिक उत्तर मला डब्ल्यू-थ्री-एममध्ये दिसतं. त्यात अनेक ओळींचा बॉक्स आला की तो स्वतः काही शहाणपणा करत नाही, सरळ तुमचा एडिटर उघडून देतो. व्हिम, ईमॅक्स, नॅनो, तुम्ही जो ठरवला असेल तो. लिहा, सेव्ह करा, बाहेर पडा, मजकूर बॉक्समध्ये. ई-लिंक्समध्ये कंट्रोल-टी ने हेच होतं, लिंक्समध्येही सेटिंग केलं की होतं. बॅशमध्ये लांबलचक कमांड लिहिताना कंट्रोल-एक्स आणि मग कंट्रोल-ई दाबून बघा, तीच कल्पना. ब्राउझर म्हणतो, पान दाखवणं माझं काम, लिहिणं तुझं, तुझ्या हत्यारांनी लिही. शिवाय एडिटरमध्ये अनडू असतं, मधेच सेव्ह करता येतं, कनेक्शन तुटलं तरी व्हिमची स्वॅप फाइल मागे उरते. ब्राउझरच्या बॉक्समध्ये यातलं किती आहे, तुम्हीच सांगा.

आपल्याला यात एक जादा कारण आहे, ते म्हणजे देवनागरी. 'क्षि' हे दिसायला एक अक्षर, पण युनिकोडच्या हिशेबात चार: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. टर्मिनल म्हणजे चौकटींचं कागद, एका चौकटीत एक चिन्ह अशी त्याची समजूत. त्यामुळे बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षर फुटतं, वेलांटी भलतीकडे जाते आणि कर्सर दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे. अशा वेळी बाण मोजत जाणं म्हणजे अंधारात जिना उतरणं. पण ओळीची सुरुवात ही सुरुवातच असते, शेवट शेवटच, आणि दोन शब्दांमधली जागाही तीच. म्हणून मराठी लिहिताना कंट्रोल-ए, कंट्रोल-ई, कंट्रोल-यू आणि शब्द खोडणारं बटण यांच्यावर जेवढा भरवसा ठेवता येतो, तेवढा बाणांवर नाही. पूर्ण परिच्छेद लिहायचा असेल तर मी सरळ जीव्हिमसारखा वेगळ्या खिडकीत उघडणारा एडिटर लावतो. दिसणं सुधारतं, बटणं तीच राहतात.

आता एक घरगुती सूचना. कॅप्स लॉक नावाचं जे भलंमोठं बटण 'ए'च्या शेजारी बसलंय, ती जागा मूळची कंट्रोलची. १९८१ च्या आयबीएम पीसीवर तिथे कंट्रोलच होतं, नंतर १०१ बटणांचा कीबोर्ड आला तेव्हा ते खाली कोपऱ्यात गेलं. तिन्ही सिस्टिमवर ही अदलाबदल करता येते. मॅक आणि लिनक्सवर सेटिंगमधून, विंडोजवर छोट्या टूलने. करंगळी दुखायची थांबली की मला कळवा. :-) फक्त ऑफिसच्या सामायिक मशीनवर करू नका, शेजारचा शिव्या देतो.

आणि त्या क्लायंटच्या पोर्टलवाल्यांना मी तीन ओळींची विनंती पाठवली आहे. तिकीट अजून 'विचाराधीन' आहे. तोवर आमच्या टीमने नियम केलाय, नोंद आधी स्वतःच्या एडिटरमध्ये लिहायची आणि मग पोर्टलमध्ये पेस्ट करायची. पेस्टसाठी कंट्रोल-शिफ्ट-व्ही. कॉपीसाठी मात्र त्या टॅबमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी दाबू नका, क्रोमचे डेव्हलपर टूल्स उघडतात. कंट्रोल-इन्सर्ट वापरून बघा, विंडोजमधलं जुनं बटण आहे, बहुतेक ठिकाणी अजून चालतं.