कॅटलॉगातला रुपया

आजीच्या डब्यात व्हिक्टोरिया राणीचा १८६२चा रुपया निघाला आणि घरात कॅटलॉग उघडला गेला. चुलत-मावस सगळी भावंडं डॉलरला रुपयांनी गुणत बसली :) दोन दिवसांनी दुकानदाराने ११.६६ ग्रॅमच्या चांदीवर थोडेसेच चढवून आकडा सांगितला, तेव्हा काकू म्हणाली, "चोर मेला!"

मला नाही तसं वाटत. क्राउझचा जाडजूड कॅटलॉग घ्या की दुसरा कुठला, त्यात छापलेली किंमत साधारणपणे दुकानदाराने गिऱ्हाइकाला विकायची असते, आपल्याकडून घ्यायची नव्हे. शिवाय ती नाण्याच्या अवस्थेप्रमाणे बदलते. आपला रुपया दर दिवाळीला दंतमंजनाने घासून लख्ख केलेला (आई, रागावू नकोस), म्हणजे वरच्या रकान्यांतून बादच. त्यात १८६२ हेच साल टांकसाळी १८७४पर्यंत नाण्यावर पाडत राहिल्या. मागचे ठिपके मोजल्याशिवाय प्रकार कळत नाही. ते आमच्यापैकी कोणी मोजलेच नव्हते.

माझी तक्रार वेगळी आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं म्हणजे पुरावस्तू, आणि १९७२च्या कायद्याने ती तुम्हाआम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मग तिकडच्या बाजाराची डॉलरमधली किंमत पुण्यातल्या माणसाला कोण देणार? त्यापेक्षा इथल्या लिलावांत प्रत्यक्ष काय मिळालं ते बघावं, तेही कमिशन वजा करून.

असो. रुपया सध्या माझ्या कपाटात आहे. पण वाटणीच्या कागदावर कॅटलॉगातला आकडा लिहिणार असाल तर मी सही करणार नाही.