एकच ज्योत, निरनिराळे मोल

गेल्या सत्रात नागरिकशास्त्राच्या तासास आम्ही आमच्या वर्गातील मुलांस एक लहानसे काम सांगितले होते. प्रत्येकाने आपल्या घरचे विजेचे एक बिल व गॅसच्या टाकीची एक पावती आणावी, आणि ज्यांचे आप्त परगावी राहतात त्यांनी तेथील हकीकत विचारून यावी, इतकेच ते काम. पुढच्या आठवड्यात मेजावर जो कागदांचा ढीग जमला तो पाहून आम्ही स्वतःच विचारात पडलो. एका मुलाची मावशी मुंबईच्या उपनगरात राहते. तिच्या बिलावर महावितरणाचे नाव नव्हते, निराळ्याच कंपनीचे होते आणि दरही निराळे होते. एका मुलीचे मामा विजापुरास असतात; त्यांस त्या महिन्यात विजेपोटी काहीच भरावे लागले नव्हते. साखर पेठेतील एका पद्मशाली कुटुंबाचे नातलग तेलंगणात आहेत. तेथेही तोच प्रकार. शेवटी मागच्या बाकावरून एका धीट मुलाने विचारले, "सर, दिवा तोच, चूल तीच, मग आमच्याच आईवडिलांनी जास्त का भरायचे?"

प्रश्न रास्त होता, आणि घंटा झाल्यामुळे तो अर्धाच राहिला. त्याचे उत्तर विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस एकदमच द्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

भावातील फरकाचे पहिले व सर्वांत जुने कारण म्हणजे अंतर. आपला जिल्हा कोरडवाहू, ज्वारीचा. कोकणातल्यासारखे रान येथे घरामागे उभे नाही. म्हणून आमच्या आज्या शेण्या थापीत, तुरकाठ्या व बाभळीचे फाटे जपून ठेवीत, आणि शहरातील माणसे वखारीतून लाकूड तोलून घेत. लाकूड जितके लांबून यावे तितके ते महाग, हा हिशेब कोणास शिकवावा लागत नसे. १८६० साली आगगाडी सोलापुरास आली आणि दूरचा कोळसा येथे येऊ लागला. तथापि गाडीभाडे त्याच्या किमतीत मिसळलेलेच असे.

आज आमच्या स्वयंपाकघरांत जी टाकी आहे तिचाही हिशेब याहून वेगळा नाही. अंतर मात्र पुष्कळ वाढले आहे. आपल्या देशात खपणारा निम्म्याहून अधिक गॅस गेली कित्येक वर्षे परदेशांतून, आणि त्यातही मुख्यतः अरबस्तानाकडील आखातातून येत आला आहे. सौदी अरामको ही कंपनी दरमहा जो भाव जाहीर करते, त्यावर जहाजाचे भाडे, डॉलरचा दर, बंदरापासून टाक्या भरण्याच्या कारखान्यापर्यंतची वाहतूक, तेथून गावापर्यंतची वाहतूक, विक्रेत्याचे कमिशन आणि शेवटी कर, असे थर चढत जातात. सरकार कधी यातील काही भार स्वतःवर घेते, कधी घेत नाही. यामुळेच ८ एप्रिल २०२५ रोजी भाववाढ झाली तेव्हा १४.२ किलोची तीच घरगुती टाकी मुंबईत ८५२.५० रुपयांस, दिल्लीत ८५३ रुपयांस, चेन्नईत ८६८.५० रुपयांस आणि कोलकात्यात ८७९ रुपयांस पडू लागली. टाकी इंडेनची घ्या, भारत गॅसची घ्या वा एचपीची घ्या, एका गावात घरगुती भाव एकच असतो. सबब गॅसच्या बाबतीत पुरवठादार बदलून काही साधत नाही. गाव बदलले तर मात्र भाव बदलतो.

दुसरे कारण कर. घरगुती गॅसवर देशभर ५ टक्के व हॉटेलवाल्याच्या टाकीवर १८ टक्के कर आहे. पेट्रोल व डिझेल मात्र २०१७ साली आलेल्या वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवलेले असल्यामुळे प्रत्येक राज्य आपापला कर लावते. खुद्द महाराष्ट्रात २०२४ सालच्या जुलैपर्यंत दोन दर होते: मुंबई, ठाणे व नवी मुंबईत पेट्रोलवर २६ टक्के आणि आमच्याकडे २५. त्या वर्षी ते एक करण्यात आले. अक्कलकोटकडील मंडळींस कर्नाटकाच्या सीमेपलीकडच्या पंपाचा भाव का पाठ असतो, याचे उत्तरही या करातच आहे.

विजेची गोष्ट याहून निराळी आणि अधिक विचार करण्याजोगी आहे. चंद्रपूरचे वीजकेंद्र कोळशाच्या खाणींच्या शेजारी उभे आहे. आमच्या फताटेवाडीचे एनटीपीसीचे केंद्र, प्रत्येकी ६६० मेगावॉटच्या दोन संचांचे, खाणींपासून फार दूर. त्याचा कोळसा आगगाडीने शेकडो मैल येतो व पाणी उजनीहून नळाने आणावे लागते. मग वीज चंद्रपुरास स्वस्त व सोलापुरास महाग असावी, असे कोणासही वाटेल. परंतु तसे नाही. महावितरणाच्या घरगुती ग्राहकास दोन्ही ठिकाणी एकच दर आहे. सर्व केंद्रांची वीज एका जाळ्यात ओतली जाते, सर्व खर्च एकत्र केला जातो, आणि राज्य वीज नियामक आयोग ग्राहकांच्या वर्गवारीप्रमाणे दर ठरवितो. आमच्या शिवारातील धुराड्याची वीज आम्हांस स्वस्त का नाही, असे पुष्कळ पालक विचारतात, त्याचे उत्तर हेच. जी वाटणी आम्हांस येथे खटकते तीच आमच्या खेड्यांस कोयनेच्या पाण्यावरील स्वस्त विजेचा वाटाही देते.

मुंबईचा प्रकार ऐतिहासिक आहे. तेथे बेस्ट, टाटा व अदानी यांची स्वतंत्र क्षेत्रे व स्वतंत्र हिशेब आहेत, आणि उपनगरांत काही ग्राहकांस पुरवठादार बदलण्याची मुभाही मिळालेली आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र तर १९१५ सालचे. प्रत्येकाने वीज कोठून घेतली, तारा किती जुन्या, ग्राहक किती दाट, गळती किती, यांवर दर ठरतो. महावितरणास मात्र वस्तीवस्तीपर्यंत लांबच लांब तारा न्याव्या लागतात. तारेत वीज वाटेतच तापून वाया जाते, आणि जेथे आकडे टाकले जातात तेथे ती चोरीस जाते. मान्य झालेल्या गळतीचा पैसा शेवटी प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याच्याच खिशातून जातो. आकडा टाकणारा सरकारला फसवितो असे म्हणतात. खरे पाहता तो आपल्या शेजाऱ्याच्या घरात हात घालतो.

आता विजापूरच्या मामांकडे येऊ. कर्नाटक सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये, आमच्या शेजारच्याच कलबुर्गी येथे, महिना २०० युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या घरांस वीज मोफत देण्याची योजना सुरू केली. तेलंगणाने २०२४ साली शिधापत्रिकाधारक गरीब कुटुंबांसाठी तसेच केले. महाराष्ट्राने त्याच वर्षी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत वीज जाहीर केली. म्हणजे एकाने दिवा मोफत केला, दुसऱ्याने विहिरीवरील पंप मोफत केला. परंतु कोळसा कोणास मोफत मिळालेला नाही. ती किंमत त्या त्या राज्याच्या तिजोरीतून वीजकंपनीस द्यावयाची असते, आणि तिजोरी भरते ती मामांच्या व आमच्या करांनीच. पेट्रोल, कापड, साबण, चहा घेताना गरिबानेही त्यात आपला वाटा टाकलेला असतो. मोफत हा भाव नव्हे. बिल कोणाच्या नावावर फाडले एवढाच त्याचा अर्थ.

येथवर कारणे झाली. आता आमचे मत.

कित्येक लोकांचे म्हणणे असे की, देशभर इंधनाचा एकच भाव करावा म्हणजे न्याय होईल. आम्हांस हे मान्य नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात आपल्या सरकारने पोलादासारख्या मालाचे गाडीभाडे देशभर सारखे करण्याचे धोरण घेतले व ते सुमारे चाळीस वर्षे चालविले. हेतू चांगला होता. पण ज्यांच्या भूमीतून खनिज निघते त्या बिहार-ओरिसाकडील प्रांतांस खाणीजवळ असण्याचा जो लाभ मिळावयाचा तो त्यामुळे गेला, आणि कारखाने दूरच्या बंदरांजवळ निघाले. अंतर कागदावर पुसले म्हणून नाहीसे होत नाही. त्याचा भार दुसऱ्या कोणावर तरी जातो. म्हणून गावोगावचा भाव निराळा असण्यात आम्हांस अन्याय दिसत नाही. अंतर व कर यांमुळे पडणारा फरक पावतीवर स्वच्छ दाखवावा आणि ज्याला तो झेपत नाही त्याला उघड मदत द्यावी, हे आम्हांस अधिक न्याय्य वाटते.

आम्हांस अन्याय दिसतो तो दुसरीकडे, एकाच गल्लीत. आमच्या वर्गातील एका मुलीने आणलेला कागद बिल नव्हताच. वहीचे फाडलेले पान होते, त्यावर घरमालकाने पेन्सिलीने आकडा लिहिला होता. तिची आई विड्या वळते. एका मीटरवर तीन बिऱ्हाडे. हिशेब पाहा: प्रत्येक बिऱ्हाडाने ९० युनिटे वापरली तर स्वतंत्र मीटरवर ती पहिल्या १०० युनिटांच्या स्वस्त टप्प्यातच राहतील. पण तिन्ही मिळून २७० झाली की १०० युनिटे स्वस्त दराने आणि उरलेली १७० वरच्या, चढ्या दराने. गरिबासाठी केलेला टप्पा गरिबासच लाभत नाही. वर घरमालकाची भर निराळीच. गॅसचेही तसेच. ज्याच्याकडे पत्त्याचा दाखला व अनामत नाही, असा कामगार पाच किलोची सुटी टाकी घेतो, आणि ती किलोमागे घरगुती टाकीहून महाग पडते. छपरावर सौर पट्ट्या बसविणारास फेब्रुवारी २०२४ च्या योजनेने तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचे साह्य ठेवले; आमच्या सोलापूरच्या उन्हात ती मोठीच सोय आहे. परंतु त्यासाठी छप्पर आपले असावे लागते. प्रांताप्रांतांतील फरकाची आपण तक्रार करतो, आणि भिंतीपलीकडील बिऱ्हाड आपल्याहून अधिक दराने दिवा लावीत आहे हे आपणांस ठाऊकही नसते.

यावर उपाय मुळीच नाही असे नव्हे. २००३ च्या वीज कायद्याचे ४३ वे कलम वीज मागण्याचा अधिकार जागेच्या मालकास देते तसाच तेथे राहणारासही देते. भाडेकरूने स्वतंत्र मीटरसाठी अर्ज करावा. आणि आमच्या पालकांपैकी जे घरमालक आहेत त्यांनी त्याला आडकाठी न करता कागदपत्रांस साह्य करावे, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे. टाकी घरपोच आणून देण्याचा आकार तिच्या किमतीतच धरलेला असतो. आम्ही स्वतः कित्येक वर्षे पावतीवरील रकमेहून वीस-तीस रुपये अधिक देत आलो व तोच भाव समजत होतो. जिने चढून आलेल्या माणसास खुशीने काही द्यावे, त्यात वावगे नाही. पण ते देणे आहे, किंमत नव्हे, एवढे तरी समजून द्यावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या आईवडिलांपैकी कित्येकांस बिलावरील बारीक अक्षरे वाचावयास सवड नाही, कित्येकांस ती वाचता येत नाहीत. तुम्हांस येतात. या महिन्याचे बिल आले की दिव्याखाली बसून त्यांस मोठ्याने वाचून दाखवा: स्थिर आकार किती, वीज आकार किती, वहन आकार किती, इंधन समायोजन आकार किती, वीज शुल्क किती. मग शेजारच्या बिऱ्हाडात जाऊन त्यांचेही वाचा. आणि तेथे बिलाऐवजी पेन्सिलीने आकडा लिहिलेले पान निघाले, तर ते आमच्याकडे घेऊन या. अर्ज कसा लिहावयाचा हे आम्ही पुढच्या तासास शिकविणार आहोत.