चुंबकाची चेतना आणि जुनाट बद्धकोष्ठ
दिवसभर पेढीवर बसणारा गृहस्थ चूर्णाची डबी जवळ बाळगतो. बद्धकोष्ठाविषयी वैद्यांशी बोलण्याचा मात्र त्याला संकोच वाटतो. बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखविले. त्याच तत्त्वावर १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी मेंदूला बाहेरून चेतना दिली. आता कमरेखाली, त्रिकास्थीजवळ तारेचे वेटोळे धरून शौचक्रियेशी निगडित मज्जातंतूंना तशी चेतना देण्याचे प्रयोग होत आहेत. छेद नाही, भूल नाही, कपडेही अंगावरच. अभ्यास मात्र अजून लहान आहेत. बाजारातील चुंबकी पट्ट्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. स्थिर चुंबक असा प्रवाह निर्माण करीत नाही. पेसमेकर बसविलेल्यांना हा उपचार सामान्यतः वर्ज्य. शौचातून रक्त जात असेल वा वजन घटत असेल, तर आधी तपासणी.